पंधरा सेकंदांचा हातमोजा: डायमिथिल मर्क्युरीच्या एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

जानेवारी १९९७ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका ४८ वर्षांच्या रुग्णाच्या रक्ताचा अहवाल आला. लिटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम पारा. एरवी माणसाच्या रक्तात हा आकडा १ ते ८ असतो आणि तो २०० च्या पुढे गेला की विषबाधा समजतात. रुग्णाचं नाव कॅरेन वेटरहान. १९७६ पासून त्या डार्टमथ कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. विषारी धातू पेशीत कसे शिरतात आणि आत जाऊन काय करतात, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. डार्टमथमधला विषारी धातूंवरचा मोठा बहुशाखीय संशोधन प्रकल्प त्यांनीच उभा केला होता.

पाच महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगाचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले होते. या अपघाताबद्दल बोलताना 'एवढ्या जाणकार व्यक्तीकडून असं कसं झालं' असा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात कुठेतरी निष्काळजीपणा गृहीत धरलेला असतो. कागदपत्रं तसं सांगत नाहीत. काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात, चाललं होतं, डोळ्यांवर चष्मा होता, हातात हातमोजे होते, द्रव आधी थंड केला होता. त्या काळच्या प्रयोगशाळांमध्ये जे नियम पाळणं म्हणजे सुरक्षित काम समजलं जाई, ते पाळले गेले होते. या प्रकरणाचा अभ्यास मला मोलाचा वाटतो तो नेमका यामुळे. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि विषविज्ञान या तिन्ही शाखांकडे आपापला तुकडा होता. द्रव त्वचेतून जातो हे माहीत होतं, रबरातून छोटे रेणू पार होतात हे माहीत होतं, सेंद्रिय पाऱ्याची लक्षणं उशिरा दिसतात हेही माहीत होतं. हे तीन तुकडे एका टेबलावर एकत्र आले नव्हते.

१४ ऑगस्ट १९९६

त्या काळात वेटरहान पाऱ्याचे आयन डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांशी कसे जोडले जातात याचा अभ्यास करत होत्या. त्यासाठी साधन होतं एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. पाऱ्याच्या समस्थानिकांपैकी पारा-१९९ एनएमआरला सोयीचा आहे. निसर्गातल्या पाऱ्यात तो सुमारे १७ टक्के असतो. त्याचा संकेत कुठे येतो यावरून पाऱ्याभोवती कोणते अणू बसले आहेत हे कळतं. पण 'कुठे' हे सांगायला शून्याची खूण लागते. पारा-१९९ साठी ती खूण, म्हणजे मानक, म्हणून शुद्ध डायमिथिल मर्क्युरी वापरण्याचा प्रघात होता. या संयुगात पाऱ्याच्या एका अणूला दोन बाजूंनी दोन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) जोडलेले असतात. द्रव एकजिनसी, संकेत स्पष्ट, सगळ्यांच्या मोजण्या एकमेकींशी ताडून पाहता येतात. म्हणजे ज्या पदार्थाने हा मृत्यू घडवला तो संशोधनाचा विषयच नव्हता. यंत्र जुळवून घेण्यापुरती त्याची गरज होती. माझ्या मते या प्रकरणातला हा फार महत्त्वाचा तपशील आहे. मुख्य प्रयोगातल्या पदार्थांबद्दल संशोधक दहादा विचार करतो, पण मानक, द्रावक, धुण्याचे द्रव यांना तेवढं लक्ष मिळत नाही.

द्रवाची बंद अँप्यूल (काचेची मोहोरबंद कुपी) बर्फाच्या पाण्यात थंड करून फोडली गेली, कारण द्रव थंड असला की वाफ कमी होते. मग पिपेटने थोडा द्रव एनएमआरच्या नळीत घालायचा होता. तो घालताना पिपेटच्या टोकावरून काही थेंब हातमोजा घातलेल्या हाताच्या पाठीवर पडले. हातमोजा नेहमीचा, एकदा वापरून टाकायचा, लेटेक्सचा म्हणजे नैसर्गिक रबराचा होता. वेटरहान यांनी काम आवरलं, जागा साफ केली, हातमोजे काढले. आग झाली नाही, त्वचा लाल झाली नाही, हातमोज्याला भोक पडलं नाही.

तो द्रव

डायमिथिल मर्क्युरी रंगहीन आहे आणि पाण्याच्या तिपटीहून थोडा अधिक जड आहे. तो ९३-९४ अंश सेल्सियसला उकळतो, पण धोका उकळण्याची वाट पाहत नाही. सुमारे २४ अंशांना त्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ५९ मिलिमीटर स्तंभाच्या आसपास असतो. वातावरणाचा दाब ७६० धरला तर बंद भांड्यातल्या हवेत साडेसात टक्क्यांच्या वर हीच वाफ भरते. हिशोब केला तर अशा एका लिटर हवेत अर्ध्या ग्रॅमहून जास्त पारा येतो. थर्मामीटर फुटल्यावर जमिनीवर घरंगळणाऱ्या धातूरूप पाऱ्याशी याची तुलनाच होत नाही. त्याचा बाष्पदाब हजारो पटींनी कमी आहे.

दुसरा गुण म्हणजे विद्युतभार नाही आणि ध्रुवीयताही नाही, म्हणजे रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असं नसतं. रेणू सरळ रेषेत, लहान, दोन्ही टोकांना मिथिल. अशा रेणूला पाणी मानवत नाही. त्याला चरबी, मेण, तेल, आणि रबर मानवतं. त्वचेचा सर्वात बाहेरचा थर हा मृत पेशी आणि त्यांच्यामधली चरबी यांनी बनलेला असतो. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांना तो बऱ्यापैकी अडवतो. पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण असतं तर हाताच्या पाठीवर पडलेल्या थेंबांनी हा प्रसंग ओढवला नसता. डायमिथिल मर्क्युरीला तो थर म्हणजे सोयीचा द्रावकच.

हातमोजा

हातमोजा तीन प्रकारे निकामी ठरू शकतो आणि हे तीन प्रकार नेहमी एकत्र मिसळले जातात. पहिला, भोक किंवा फाट: द्रव सरळ आत गळतो. दुसरा, पदार्थच बिघडणं: रबर फुगतं, चिकट होतं, तडकतं. हे दोन्ही डोळ्यांना दिसतात किंवा बोटांना जाणवतात. तिसरा प्रकार पारगमनाचा. रेणू बाहेरच्या पृष्ठभागात विरघळतो, रबराच्या साखळ्यांमधून वाट काढत आतल्या पृष्ठभागापर्यंत येतो आणि तिथून बाहेर पडतो. हातमोजा अखंड असतो, कोरडा दिसतो, हाताला काही कळत नाही. वेटरहान यांच्या बाबतीत हेच घडलं.

नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्या. निव्वळ हायड्रोकार्बन, अध्रुवीय, आणि खोलीच्या तापमानाला या साखळ्या सतत हलत असतात. रबर ताणलं जातं ते याच हालचालीमुळे, आणि छोट्या अध्रुवीय रेणूंना वाट मिळते तीही तिच्यामुळेच. पाणी, पाण्यातली आम्लं, क्षार, जिवाणू यांच्यासाठी लेटेक्स उत्तम आहे. म्हणून दवाखान्यात ते योग्य. रसायनशाळेत ते आलं ते मुख्यतः स्वस्त, पातळ आणि बोटांची हालचाल मोकळी ठेवणारं म्हणून.

इथे एक साधा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पटलातून रेणू पार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाला विसरण-गुणांकाच्या (रेणू पदार्थात किती वेगाने पसरतो याच्या मापाच्या) सहापटीने भागून अंदाजता येतो. एकदा वापरायचा हातमोजा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. लहान सेंद्रिय रेणूंचा नैसर्गिक रबरातला विसरण-गुणांक सेकंदाला एक चौरस सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग, या पातळीचा असतो. आकडे घालून पाहा: उत्तर येतं सतरा सेकंदांच्या जवळ.

अपघातानंतर एका स्वतंत्र प्रयोगशाळेत लेटेक्सच्या हातमोज्यांवर डायमिथिल मर्क्युरीची प्रत्यक्ष चाचणी झाली. द्रव १५ सेकंदांत, कदाचित त्याहूनही लवकर पार झाला. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातलं एक सूत्र आणि दोन ढोबळ आकडे यांच्या आधारे हा निष्कर्ष कागदावर पाच मिनिटांत काढता आला असता. तो कुणी काढला नाही याचा दोष मी एका व्यक्तीला देणार नाही. हातमोज्याकडे स्वतःच एक रसायन म्हणून पाहण्याची सवयच तेव्हा प्रयोगशाळांना नव्हती. 'हातमोजे घातले का?' असं विचारलं जाई आणि उत्तर हो किंवा नाही असं येई.

त्याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट होतो. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण चौपट जाड लेटेक्स घेतलं तरी वेळ सोळापट होऊन चार-साडेचार मिनिटांवरच थांबतो. दोन लेटेक्स हातमोजे एकावर एक घालण्याची सूचना या द्रवापुढे म्हणूनच फारशी कामाची नाही. वाट बंद करायची तर पदार्थ बदलायला हवा. बहुपदरी लॅमिनेट हातमोज्यांत पॉलिइथिलीनच्या थरांच्या मध्ये इथिलीन-व्हिनाइल अल्कोहोलचा थर असतो. या मधल्या थरातल्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून बसतात, त्यातला बराच भाग स्फटिकरूप असतो, आणि तो ध्रुवीय असल्यामुळे अध्रुवीय रेणू त्यात विरघळतच नाही. चाचण्यांमध्ये असे हातमोजे डायमिथिल मर्क्युरीपुढे चार तासांहून जास्त टिकले. पंधरा सेकंद विरुद्ध चार तास, आणि लॅमिनेटचं पटल लेटेक्सपेक्षा काही फार जाड नसतं.

पाच महिन्यांची शांतता

ऑगस्टनंतर वेटरहान यांचं काम नेहमीसारखं चालू राहिलं. पुढे पोटाच्या तक्रारी अधूनमधून झाल्या आणि दोन महिन्यांत सुमारे ७ किलो वजन उतरलं. जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे थेंब पडल्यापासून १५४ दिवसांनी, तोल जाऊ लागला, चाल बिघडली, बोलणं अडखळू लागलं. २० जानेवारीला त्या रुग्णालयात दाखल झाल्या. मेंदूच्या चित्रणात या लक्षणांचा उलगडा होईल असं काही दिसलं नाही. पुढच्या काही दिवसांत बोटांना मुंग्या, डोळ्यांसमोर प्रकाशाच्या चमका, कानांत सततचा आवाज, आणि नजरेचं क्षेत्र आक्रसत जाणं ही लक्षणं आली. पाऱ्याचा संशय घेऊन तपासणी झाली आणि ऑगस्टमधल्या त्या थेंबांचा संदर्भ लागला.

ही लक्षणं जगाने आधी पाहिली होती. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांत गेलेल्या मिथिलमर्क्युरीचे (पाऱ्याला एकच मिथिल गट जोडलेल्या संयुगाचे) रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये मिथिलमर्क्युरीचं बुरशीनाशक लावलेलं बियाणं दळून त्याची भाकरी खाल्ली गेली. त्यात ६,५३० लोक रुग्णालयांत दाखल झाले आणि तिथे ४५९ मृत्यूंची नोंद झाली. तिथेही लोक आठवडेच्या आठवडे बरे दिसत होते आणि मग अचानक ढासळत गेले.

डायमिथिल मर्क्युरी शरीरात गेल्यावर लगेच मेंदूवर हल्ला करत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की त्यातला बराच भाग पहिल्या काही तासांत श्वासावाटे बाहेर पडतो. जो उरतो त्याचा एक मिथिल गट शरीर काढून टाकतं आणि मिथिलमर्क्युरी तयार होतं. मिथिलमर्क्युरीला गंधकाची ओढ असते. सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला ते चिकटतं, आणि तयार झालेली जोडी आकाराने मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. मेंदूला मेथिओनीन हवं असतं, त्याला आत घेणारी वाहक प्रथिनं रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या अडसरात बसलेली असतात. ती या नकली मेथिओनीनलाही आत घेतात.

इथे मला वेटरहान यांचंच जुनं काम आठवतं. क्रोमियमवरच्या त्यांच्या संशोधनाचा गाभा हाच होता. क्रोमेट आयन सल्फेटसारखा दिसतो, पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते, आत त्याचं क्षपण होतं आणि त्या वाटेवर डीएनएला इजा पोहोचते. ओळखीच्या रेणूचं रूप घेऊन विष आत शिरतं, हे क्रोमियमच्या बाबतीत उलगडून दाखवणाऱ्यांमध्ये त्या होत्या.

इतका उशीर का लागतो, यावर विषविज्ञानात अजून एकमत नाही. एक मत असं की मेंदूत मिथिलमर्क्युरीचं हळूहळू अकार्बनी पाऱ्यात रूपांतर होतं आणि तो साचत जातो. दुसरं असं की पेशी काही काळ नुकसान भरून काढत राहतात आणि ती क्षमता संपली की एकदम कोसळतात. या दोन्हींपेक्षा मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. बहुतेक विषांत मात्रा वाढली की परिणाम लवकर दिसतो. मिथिलमर्क्युरीत तसं सरळ नातं दिसत नाही. वेटरहान यांच्या शरीरात प्रचंड मात्रा असूनही पाच महिने मेंदूने कसलाही इशारा दिला नाही. प्रयोगशाळेतली बरीच सुरक्षितता माणसाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेवर उभी असते. खोकला आला की माणूस मागे सरतो, त्वचा चुरचुरली की हात धुतो, डोकं दुखलं की खिडकी उघडतो. इथे तसं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी जे सुरक्षित वाटलं ते दुसऱ्या दिवशीही सुरक्षितच वाटणार होतं.

केसातली नोंद

हा एकच अपघात होता की महिनोन्महिने थोडं थोडं विष जात होतं? हा प्रश्न तातडीचा होता, कारण दुसरं उत्तर खरं असेल तर प्रयोगशाळेतले बाकीचेही धोक्यात होते. उत्तर केसांनी दिलं. मिथिलमर्क्युरी रक्तातून वाढत्या केसात जातं आणि तिथेच अडकतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे टाळूपासून टोकाकडे मोजत गेलं की मागच्या महिन्यांचा पारा क्रमाने वाचता येतो. इराकमधल्या विषबाधेत हीच पद्धत उपयोगी पडली होती, आणि तिच्यावर काम केलेले रॉचेस्टर विद्यापीठातले थॉमस क्लार्कसन यांचा या प्रकरणातही सहभाग होता.

वेटरहान यांच्या केसात पारा आधी नगण्य होता. मग थोड्याच काळात तो झपाट्याने चढला आणि मिलिग्रॅममागे १,१०० नॅनोग्रॅमच्या जवळ पोहोचला. सामान्य पातळी ०.२६ च्या खाली असते, विषबाधेची ५० च्या वर. तिथून तो सावकाश उतरत गेला, सुमारे ७५ दिवसांत निम्मा या गतीने. एकच उंचवटा. चढ आणि उतार ऑगस्टमधल्या घटनेशी जुळत होता. प्रयोगवहीतही या द्रवाच्या वापराची नोंद त्याच वेळची होती. सहकाऱ्यांच्या तपासण्यांत कुणाचाही पारा वाढलेला आढळला नाही. प्रयोगवहीत तारीख टाकण्याची शिस्त किती मोलाची असते हे मला या प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलेलं नाही.

या वक्रावरून मागे मोजत गेल्यावर शरीरात सुरुवातीला असलेल्या पाऱ्याचा अंदाज आला १,३४४ मिलिग्रॅम. द्रवाच्या भाषेत सुमारे ०.४४ मिलिलिटर. आठवणीत 'काही थेंब' होते, हिशोबात जवळपास अर्धा मिलिलिटर. दोन्हींत विरोध आहे असं नाही. थेंब किती मोठे होते, किती पसरले, हातमोजा काढेपर्यंत आणि नंतर वाफ किती श्वासात गेली, यांवर बरंच अवलंबून आहे. शिवाय उंदरांसारखंच माणसातही सुरुवातीला बराच भाग श्वासावाटे निघून जात असेल, तर हा अंदाज उरलेल्या पाऱ्याचा झाला आणि प्रत्यक्ष आत गेलेला डोस त्याहून मोठा असू शकतो. ७५ दिवसांचं अर्धायुष्य धरलं तर जानेवारीच्या अखेरीस निदान होईपर्यंत मूळ साठ्याचा पाचवा हिस्साच उरला होता, आणि त्याच पाचव्या हिश्श्याने रक्तात ४,००० चा आकडा दिला.

उपचार

सक्सिमर हे औषध सुरू झालं. त्याच्या रेणूत गंधकाचे दोन हात असतात, ते पाऱ्याला धरतात आणि लघवीवाटे बाहेर नेतात. ते आपलं काम करत होतं. चोवीस तासांच्या लघवीतला पारा २५७ मायक्रोग्रॅमवरून ३९,८०० वर गेला, म्हणजे दिवसाला जवळजवळ ४० मिलिग्रॅम. रक्त बदलून पाहिलं, त्याने पातळी उतरली आणि ऊतींमधला पारा रक्तात येऊन ती पुन्हा चढली. पण सक्सिमर पाण्यात विरघळणारं आहे, मेंदूच्या अडसरापलीकडे ते फारसं पोहोचत नाही. आणि पोहोचलं असतं तरी मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पहिल्या चेताविकाराच्या लक्षणानंतर तीन आठवड्यांत, ६ फेब्रुवारीला, वेटरहान प्रतिसाद देईनाशा झाल्या. ८ जून १९९७ ला त्यांचं निधन झालं, थेंब पडल्याच्या २९८ व्या दिवशी.

शवविच्छेदनात लहान मेंदू आक्रसलेला आढळला, त्यातल्या कणिका पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या होत्या. मोठ्या मेंदूचं बाह्यपटल पातळ झालं होतं आणि दृष्टीशी संबंधित भागाची हानी सर्वात ठळक होती. तोल, बोलणं, नजर, श्रवण या क्रमाने जे हरवत गेलं त्याचा नकाशाच तिथे होता. मेंदूतला पारा त्या वेळच्या रक्तातल्या पाऱ्याच्या सुमारे सहापट होता. रक्ताचे आकडे औषधाने खाली येत असतानाही आत काय होतं, ते या एका गुणोत्तरातून कळतं.

आधीचे मृत्यू

डायमिथिल मर्क्युरीने घेतलेला हा पहिला बळी नव्हता. हे संयुग १८५० च्या दशकात तयार झालं आणि १८६० च्या दशकातच लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या रसायनशाळेत त्यावर काम करणाऱ्या दोन सहायकांचा मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय अहवालात आहे. १९७० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात एका तरुण रसायनशास्त्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. नोंदी होत्या, पण वैद्यकाच्या नियतकालिकांत होत्या. एनएमआरच्या मानकांची यादी चाळणाऱ्याच्या नजरेला त्या पडण्याचं कारण नव्हतं. त्यातही शंभर वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच मृत्यू दिसले की धोका छोटा वाटू लागतो. खरं तर हा द्रव हाताळणारी माणसंच फार थोडी होती.

नंतर काय बदललं

वेटरहान कोमात असतानाच, मे १९९७ मध्ये, त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक साप्ताहिकात पत्र लिहून हातमोज्यांच्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर केला. शोधनिबंधाची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात योग्य पाऊल वाटतं. वैद्यकीय अहवाल १९९८ मध्ये आला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा विभागाने, म्हणजे ओशाने, हातमोज्यांच्या मर्यादांबद्दल पुरेसं प्रशिक्षण दिलं नाही म्हणून डार्टमथला १३,५०० डॉलरचा दंड केला आणि १९९८ मध्ये डायमिथिल मर्क्युरीवर स्वतंत्र धोकासूचना काढली. त्यातला सल्ला स्पष्ट होता: शक्यतो हे संयुग वापरूच नका. पारा-१९९ च्या एनएमआरसाठी पर्याय होते आणि आहेत. पर्क्लोरिक आम्लातलं मर्क्युरिक पर्क्लोरेटचं द्रावण दुय्यम मानक म्हणून चालतं. त्याचा संकेत शून्यापासून किती दूर येतो हे माहीत असल्यामुळे जुन्या मोजण्यांशी तुलनाही करता येते. तेही विषारी आहेच, पण त्याची वाफ होत नाही आणि ते रबरातून सेकंदांत पार होत नाही.

वापर टाळता आलाच नाही तर आत लॅमिनेटचा हातमोजा आणि त्यावर लांब बाहीचा जाड निओप्रीनचा (एका कृत्रिम रबराचा), असे दोन घालायचे. लॅमिनेट रेणू अडवतं, पण ते ताठ असतं, हाताला नीट बसत नाही आणि फाटू शकतं. निओप्रीन त्याला सांभाळतं आणि पकड देतं. द्रव अंगावर सांडला तर हातमोजा ताबडतोब काढायचा आणि काही जाणवत नसलं तरी रक्त-लघवीची तपासणी करून घ्यायची. लक्षणांची वाट पाहणं म्हणजे उपचाराची वेळ घालवणं, हे या प्रकरणाने पुरेसं दाखवलं आहे.

आज हातमोज्यांचे उत्पादक रसायनागणिक पारगमनाचे तक्ते देतात आणि प्रयोगशाळांमध्ये ते भिंतीवर लावलेले दिसतात. ते वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. तक्त्यातला वेळ एका उत्पादकाच्या एका जाडीच्या मालाचा असतो. 'नायट्राइल' (आणखी एक कृत्रिम रबर) हे नाव सारखं असलं तरी दुसऱ्या कंपनीचा पातळ हातमोजा तसाच वागेल याची खात्री नसते. चाचणी बहुधा खोलीच्या तापमानाला, सपाट आणि न ताणलेल्या तुकड्यावर होते. हाताची ऊब त्यापेक्षा जास्त असते आणि उष्णतेबरोबर विसरण वाढतं. बोटांच्या सांध्यावर हातमोजा ताणला जातो, तिथे तो पातळ होतो, आणि वेळ जाडीच्या वर्गाने घटतो. शिवाय तक्ता शुद्ध पदार्थांचा असतो. मिश्रणातला एक द्रावक रबर फुगवून दुसऱ्याला वाट मोकळी करून देऊ शकतो. म्हणून तक्त्यातला आकडा कमाल मर्यादा धरावी आणि काम सुरू करण्याआधीच प्रयोगवहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणता द्रव, कोणता हातमोजा, आणि तो किती मिनिटांनी बदलायचा.